मोड आलेला माणूस

दर्यापुरात ‘मोड’ तीन तऱ्हेचे. मटकीला येतात ते, पाचशेची नोट काढली की दुकानदाराकडे कधीच नसते ती, आणि बसस्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरमागे बसलेला माणूस टाकून देतो तो. त्याच्या पाटीवर ‘रिचार्ज, रिपेअरिंग, झेरॉक्स’ एवढंच आहे. तरी शनिवारी शाळा सुटली की पोट्ट्यांची गर्दी होते ती पाटीवर नसलेल्या कामासाठी. सगळे त्याला मोडभाऊ म्हणतात. बायकोला हे नाव पसंत नाही. घरात काय कमी मोडतोड आहे, असं तिचं म्हणणं.

मोडभाऊच्या तोंडात खर्रा असतो. त्यामुळे कशाचंही उत्तर तो बाहेर जाऊन आल्यावरच मिळतं. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस विचार करून राह्यला.

“भाऊ, लालपरी टाकून द्या ना.”

म्हणजे एसटीची लाल बस, ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’मध्ये. मालेओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीनं २०१७ साली काढलेला गेम. त्यात बाहेरून आपली गाडी घालता येते (तिसऱ्या तऱ्हेचा मोड तो हाच), आणि तिकडेही वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. एवढ्या भांडवलावर येवद्याचं पोट्टं जावा बेटावर एसटी हाकतं.

‘घालता येते’ हे म्हणायला. फाइल उतरवा, झिपमधून सोडवा, नेमक्या फोल्डरात ठेवा. त्यात अँड्रॉइड ११ पासून ॲपच्या फोल्डरात शिरायला फोनच्या मालकालाच मनाई. भाडेकरूनं घरमालकाला उंबऱ्यावर अडवावं तसं. मोडभाऊ कुठल्या खिडकीतून आत जातो ते कोणाला दिसत नाही, कारण त्या वेळी तो फोन काउंटरखाली धरतो.

त्याचे प्रश्न तीन. गेम कोणता? फोन कोणाचा? घरी माहीत आहे काय? तिसरा प्रश्न अनुभवातून आला. एकदा मोडला जागा करताना एका माउलीच्या भाचीच्या लग्नाचे फोटो गेले आणि ती माउली दुकानात आली. तेव्हापासून तो आधी सगळं ‘जुना माल’ नावाच्या फोल्डरात काढून ठेवतो. आत ‘जुना माल नवा’ आहे, त्याच्या आत ‘जुना माल फायनल’.

गाडी चढली तरी काम संपत नाही. पाटीवर ‘पुणे–सातारा’ असतं, आणि पोट्ट्याला ‘दर्यापूर–अकोट’ पाहिजे असतं. मोडभाऊ गाडीच्या रंगाचं चित्र उघडून पाटी बदलतो. एकदा अक्षरं उलटी आली. “आरशात पाय,” म्हणाला, आणि पैसे घेतले.

खरा मोडभाऊ दिसतो तो मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. तिथं ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आहे, २००५ सालापासूनचा. पूर्वी त्यात गाडी बदलायची तर जीटीए-थ्री-डॉट-आयएमजी ही भलीमोठी फाइल उघडून आतला सांगाडा आणि रंग बदलावे लागत. हात चुकला की अख्खा गेम निजला. मग मोड लोडर आला. एका फोल्डरात टाका, गेममध्ये दिसते. फोल्डर काढा, गेम होता तसा. मोडभाऊ या शोधाला चुलीनंतर गॅसचा मान देतो.

बनोशाचे एक आजोबा नातवाबरोबर आले होते. “ते बस-बिस राहू दे. शकुंतला येते काय?” शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर–अचलपूर धावायची ती आगगाडी, ७६ किलोमीटर, रूळ अडीच फुटी. मोडभाऊनं आठ दिवस घालवून गेममधल्या आगगाडीवर शकुंतलेचे डबे चढवले. अरुंद गाडी रुंद रुळांच्या मधोमध अधांतरी निघाली. आजोबा अर्धा तास पाहत बसले. पैसे त्यानं घेतले नाहीत, फक्त बाहेर जाऊन आला.

मग ‘व्हॉर्टेक्स’ हे मोड सांभाळायचं सॉफ्टवेअर त्याच्या हाती लागलं. सगळं इंग्रजीत. त्यानं पुठ्ठा कापून मॉनिटरला चिकटवला: डिप्लॉय – चढव. पर्ज – सगळं उतरव. कॉन्फ्लिक्ट – भांडण. लाल वीज दिसली – भांडण मिटलं नाही. हे भांडण तो असं समजावतो: “दोन मोडनं एकाच सीटवर रुमाल टाकला. एसटीत पहिला रुमाल जिंकते. इथं शेवटचा.” मी इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवतो, लोड ऑर्डर इतक्या कमी शब्दांत मला सांगता आली नाही.

पुठ्ठा पाहून त्याचा बीसीए करणारा भाचा पेटला. “मामा, आपणच सोपं सॉफ्टवेअर बनवू.” मामानं खुर्चीत मागं रेलून हुकूम सोडले. बटनं दोनच: ‘चढव’, ‘उतरव’. फोल्डर कोणाला दिसला नाही पाहिजे.

“आन् एरर आला तं?”

“एरर नोको लिवू. पोट्टे भेतात. ‘थांब जरा’ लिव.”

“आन् थांबूनही नाही झालं तं?”

मोडभाऊ बाहेर जाऊन आला. “तं लिव, भाऊकडे या.”

भाच्यानं ते महिनाभरात उभं केलं. पहिल्या दिवशी येवद्याचं तेच पोट्टं मागच्या कॉम्प्युटरवर बसलं. ‘चढव’ दाबलं. लालपरी चढली, भांडण नाही, वीज नाही, पाटीही सुलटी. पोट्ट्यानं तासभर गाडी हाकली, पैसे काउंटरवर ठेवले आणि एक शब्दही न विचारता सायकलवर टांग टाकून निघून गेलं.

मोडभाऊ बराच वेळ त्या सायकलीकडे पाहत राहिला. संध्याकाळी भाच्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशीपासून सॉफ्टवेअरला तिसरं बटन आहे, बाकी दोघांपेक्षा मोठं: ‘भाऊले इचार’.