जेवढं बसलं तेवढं

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये गिअर असतात, हे मला वयाच्या ६१व्या वर्षी कळलं. तोवर माझी साधी समजूत होती की हँडलवरचा गिअर गेला म्हणजे गिअर गेले, उरला तो पट्टा, आणि पट्ट्याला कसलं आलंय तेल! पण सर्व्हिसिंगहून गाडी परत देताना गॅरेजमधल्या पोराने विचारलं, "काका, मागचं ऑईल कधी बदललंय? या टायमाला राहिलं." मी गंभीरपणे "बघतो" म्हणालो. मागे ऑईल असतं हेच ठाऊक नव्हतं, तर बघणार काय, कपाळ?

तर प्रकार असा आहे. इंजिनाची ताकद पट्ट्यावरून मागे येते, तिथे क्लच असतो, आणि क्लचच्या पलीकडे, मागच्या चाकाला अगदी खेटून, ॲल्युमिनियमच्या एका डबीत गिअरच्या दोन जोड्या फिरत असतात. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. चाकानेही तेवढेच घेतले तर मंडईत जायला निघालेला माणूस थेट सोलापूरला पोचायचा, म्हणून हे गिअर वेग कमी करून जोर वाढवतात. त्यांना तेल लागतं ते सगळं मिळून शंभर-सव्वाशे मिलिलिटर. कटिंग चहापेक्षा थोडं जास्त. एवढ्याशा तेलासाठी मी जेवढा अभ्यास केला तेवढा दहावीला केला असता, तर आज हे काम मी ड्रायव्हरला सांगितलं असतं.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या अण्णांचा. अण्णांनी आयुष्यभर बजाज चेतक चालवली आणि चेतक गेली तरी तिचं ज्ञान त्यांच्याकडेच राहिलं. "३० नंबर घाल. डोळे मिटून घाल." चेतकच्या गिअरबॉक्समध्ये क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असायच्या, म्हणून ते ३० नंबर. माझ्या गाडीचा क्लच कोरडा, तेलाच्या बाहेर बसणारा. पण हे अण्णांना समजावण्याइतकं मलाच समजलेलं नव्हतं.

मग मी वाचायला बसलो. गिअर ऑईल म्हणजे ८०डब्ल्यू-९०, असं एकीकडे. ९० म्हणजे ३०च्या तिप्पट दाट, असा त्रैराशिकाने हिशोब मांडून मी घाबरलो, आणि दोन रात्रींच्या झोपेनंतर कळलं की गिअर ऑईलची मोजपट्टीच निराळी. तिथला ९० हा इंजिनाच्या पट्टीवर साधारण ४० ते ५०च्या आसपास येतो. त्यातला डब्ल्यू थंडीचा. ८०डब्ल्यू हा आकडा उणे २६ अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट होतं ते पाहून देतात. माझी स्कूटर आजवर जास्तीत जास्त थंडीत गेली ती डिसेंबरात, पहाटे, दूध आणायला. तरीही मी हिला म्हणालो, "थंडीचा प्रश्न सुटला."

ही म्हणाली, "स्वेटर घाला."

पुढे जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त, कारण ते मोटारी-ट्रकच्या डिफरन्शिअलमधल्या एकमेकांवर घासत फिरणाऱ्या गिअरांसाठी. आणि त्यातली काही रसायनं पितळी भागांना बाधतात. माझ्या गाडीत पितळ आहे का, या चिंतेने मी मध्यरात्री बॅटरी घेऊन खाली गेलो. वॉचमनने दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वहीत नोंद केली : "रात्री संशयित इसम."

एवढी तयारी करून नाना पेठेत गेलो. अख्ख्या पुण्याचे स्पेअर पार्ट तिथे मिळतात, धीर तेवढा मिळत नाही. मी उणे २६ अंशांपासून सुरुवात केली. दुकानदाराने माझं वाक्य संपू न देता १२० मिलीची चिमुकली बाटली काउंटरवर आपटली. "हे घाला." पण मी मध्यमवर्गीय माणूस, मी भाव मिलिलिटरवर आणला. लिटरची बाटली घेतली तर मिलीमागे निम्म्याने स्वस्त पडत होती. मी लिटर घेतला. जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. घरी पोचेपर्यंत पिशवीतून वास यायला लागला होता आणि बाटलीची रवानगी परस्पर गॅलरीत झाली.

"पण गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?" हिने विचारलं.

पुस्तक! ते हिने विम्याच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या फायलीत नीट लावून ठेवलं होतं. त्यात एका ओळीत छापलेलं : १०डब्ल्यू-३०, १२० मिली. म्हणजे इंजिनात घालतात तेच. काही कंपन्या ८०डब्ल्यू-९० सांगतात, माझ्या कंपनीला इंजिनाचंच पुरतं. आणि ते माझ्या घरात होतं! गॅरेजवाल्याकडून बाटलीत उरलेलं तेल मी दर वेळी भांडून परत आणतो. नुकतंच आणलेलं दोनशेएक मिली फडताळात पापडाच्या डब्यामागे उभं होतं.

आता घालायचं कशाने? भोक बाजूला, फनेल बसत नाही. औषधाच्या दुकानात पन्नास मिलीची सिरिंज मागितली.

"पेशंट कोण?"

"स्कूटर."

"सुई देऊ?"

रविवारी सकाळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जुनं तेल काढलं, ड्रेन बोल्टला नवीन वायसर घातला, आटे जाऊ नयेत म्हणून श्वास रोखून पाना फिरवला, आणि सिरिंजने १२० मिली आत सोडलं. इथे माझ्यातल्या मेकॅनिकने थांबायला हवं होतं. तो थांबलाही, पण माझ्यातल्या गृहस्थाला बाटलीच्या तळाशी उरलेलं चांगलं तेल दिसत होतं. आणखी सोडलं तर ते भोकातून बाहेर यायला लागलं. बाल्कनीतून अण्णा ओरडले, "अरे, आडवी कर!" चेतक सुरू होईना की आडवी करायची, हे त्यांच्या पिढीचं धन्वंतरीसूत्र. आम्ही दोघांनी गाडी कंपाउंडच्या भिंतीला रेलवली, भोक वर आलं, आणि उरलेलं सगळं तेल आत गेलं. थेंबही वाया गेला नाही.

जास्त झालेलं तेल डबीत गप्प बसत नाही. गरम झालं की वाट शोधतं. माझ्या तेलाने चाकाच्या ऑईल सीलमधून वाट काढली आणि शेजारीच असलेल्या ड्रमात, ब्रेकच्या लायनरवर जाऊन बसलं. मला हे कळलं ते आमच्या गल्लीच्या उतारावर. मागचा ब्रेक दाबला, काही झालं नाही. आणखी दाबला, आणखी काही झालं नाही. शेवटी पुढच्या ब्रेकने लाज राखली ती मेथीच्या हातगाडीत अर्धं चाक घालून. "काका," भाजीवाली म्हणाली, "भाजी हातानं निवडायची असती."

गॅरेजमधल्या पोराने चाक उतरवलं, लायनरला बोट लावून वास घेतला.

"किती घातलंत?"

"जेवढं बसलं तेवढं."

तो हसला नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून आणलं, मला ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग दोघं हसले. नवीन सील, नवीन लायनर, मजुरी, शिवाय मेथीच्या जुड्या : वाचवलेल्या तेलाची किंमत मी इथे छापत नाही, ही हे मासिक वाचते.

राहता राहिली गॅलरीतली बाटली. हे तेल दर दहा-बारा हजार किलोमीटरला बदलतात. माझं वर्षाचं रनिंग तीन हजार. एका लिटरात आठ वेळा भरणं होतं, म्हणजे बारा हजारांनी धरलं तर ९६,००० किलोमीटर, म्हणजे ३२ वर्षं. ९३व्या वर्षापर्यंत पुरेल एवढं तेल आहे, फक्त ते चालेल अशी गाडी नाही.

परवा ही म्हणाली, "पुरे झालं, विजेची घेऊ." शोरूममधला मुलगा उत्साहाने सांगत होता, पेट्रोल नाही, इंजिन नाही, इंजिन ऑईल नाही. हिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान दिसलं. तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त मोटर आणि चाकाच्या मध्ये एक छोटा गिअरबॉक्स आहे, त्यात थोडंसं ऑईल असतं."

मी खुर्ची पुढे ओढली. "कुठल्या नंबरचं?"

ही तोवर बाहेर जाऊन रिक्षा थांबवत होती.