हे वाहन नाही

तुमच्याही सोसायटीत एक असतोच. "नाना, नवी गाडी घेतलीत वाटतं?" असं विचारलं की पेढ्याऐवजी नियम हातावर ठेवणारा. "गाडी नाही! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम २, खंड यू. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. कायद्याने हे वाहनच नाही!"

म्हणजे नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, विमा नाही, लायसन नाही. हे सांगताना नानांचा चेहरा हुंडा नको, मानपान नको म्हणणाऱ्या वरपित्यासारखा उजळतो.

सोसायटीने पार्किंगचे पैसे लावले. नानांनी पावती परत केली, "वाहन नाही." सेक्रेटरीही पुण्याचाच. त्याने फळ्यावर लिहिलं, 'वाहनतळात वाहनांखेरीज वस्तू ठेवू नयेत. उदा. जुनी कपाटं, मोडके पाळणे, नानांची वस्तू.' तेव्हापासून तिचं नाव वस्तू. "नाना, वस्तू चार्ज झाली का?" "वस्तूला आज मागे पिशवी बांधलीत?"

वस्तू एकदा लक्ष्मी रोडवर उलटी शिरली. "एकेरी वाहतूक वाहनांना," नाना हवालदाराला म्हणाले. (ही पुरवणी नानांची, कायद्याची नव्हे.) हवालदाराने सगळा खंड यू शांतपणे ऐकून घेतला. "वाहन नाही ना काका? मग उतरा आणि हाताने ढकलत न्या." भर उन्हात, ऐन लग्नसराईच्या गर्दीतून नानांनी ती नेली. घामाघूम, पण तत्त्वाला धक्का नाही.

तळमजल्यावरच्या पोराने दुकानदाराकडून आपल्या तसल्याच स्कूटरचा वेग चाळिसावर नेला, तेव्हा मात्र नाना खरे चिडले. "तुझं वाहन झालं! आता हिरवी पाटी, पांढरे आकडे, हेल्मेट, सगळं लागेल!" पोराला वाटलं, म्हातारा शाप देतोय.

मीही हसायचो. मग एका संध्याकाळी त्यांची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर पोचवायला गेलो. चार्जर शोधताना खणात मुदत संपलेलं लायसन दिसलं. सोबत १-अ फॉर्म, डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी.

"चाळिशीनंतर नूतनीकरणाला हा दाखला लागतो," नाना म्हणाले. "इतकी वर्षं मिळत होता. यंदा डोळे तपासायला गेलो, तर डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, सर, सही मागू नका."

त्यांनी खण लोटला. "वाचनालय, भाजी, घर. अंधार पडायच्या आत परत. पंचविसाच्याही खालीच असतो मी."

मी बॅटरी चार्जिंगला लावली. नियमाचं नाव काढलं नाही.

दसऱ्याला माईंनी दारात झेंडू ओवताना मुद्दाम विचारलं, "हार करायचा का हो? वाहन नाही ना ते?"

नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"छोटा कर," म्हणाले.