रेकॉर्डिंगचे मामा

प्रत्येक कॉलेजात एक मामा असतात. मस्टरवर ते प्रयोगशाळा परिचर असतात, पण ज्या वस्तूपायी सगळ्यांचं त्यांच्यावाचून अडतं ती वस्तू काळानुसार बदलत जाते. आमच्या मामांकडे आधी झेरॉक्सचं मशीन होतं, मग प्रोजेक्टर आला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये प्राध्यापकांना खडू ठेवून लॅपटॉपसमोर बसावं लागलं आणि मामांकडे स्क्रीन रेकॉर्डिंगचं खातं आलं. ते त्यांना कुणी दिलं नाही. ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतं म्हणून त्यांनी ते पोराच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, बिघडवायचं तेवढं घरीच बिघडवलं आणि मग कॉलेजात सल्ला द्यायला मोकळे झाले.

मामा लॅपटॉपला लगेच हात लावत नाहीत. आधी लॅपटॉपच्या मालकाकडे बघतात.

“काल काय बदललंत, सर?”

“काहीच नाही.”

मामा गप्प बसतात. त्या गप्प बसण्यापुढे पोलिसांचा दरारा फिका. अर्ध्या मिनिटात सर स्वतःहून सांगतात, “म्हणजे... भाच्यानं तेवढं काहीतरी सेटिंग केलं होतं.”

भाचा हे नाव निघालं की मामांचं निदान निम्मं झालेलं असतं.

अर्थशास्त्राच्या मॅडम आल्या त्या रडकुंडीला येऊन. पाऊण तासाचं व्याख्यान, आवाज खणखणीत, चित्र मात्र काळंकुट्ट. नवा, महागातला लॅपटॉप. “महाग आहे म्हणूनच,” मामा म्हणाले. असल्या लॅपटॉपात ग्राफिक्सच्या दोन चिप असतात, एक साधी आणि एक जोरकस. स्क्रीन चालते साधीवर, ओबीएस जाऊन बसतं जोरकसवर, आणि एकीचं चित्र दुसरीला दिसत नाही. मामांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं ग्राफिक्स उघडलं, यादीत ओबीएस घातलं, ‘पॉवर सेव्हिंग’ निवडलं आणि ओबीएस बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या चौकोनात मागणी-पुरवठ्याचा आलेख उगवला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा तोवर चहाकडे वळले होते.

फाइलच्या बाबतीत मामा कर्मठ आहेत. भूगोलाच्या सरांचं रेकॉर्डिंग ऐन रंगात आलेलं असताना वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि एमपी४ फाइल काही केल्या उघडेना. सर म्हणाले, “अहो, चांगली एक जीबीची फाइल दिसतेय की!” मामांनी समजावलं, “एमपी४ म्हणजे दिवसभर धंदा करून वही रात्री लिहिणारा दुकानदार, सर. मधेच दिवे गेले की माल सगळा जागेवर, पण हिशेब कुठाय?” म्हणून मामांच्या राज्यात रेकॉर्डिंग एमकेव्हीतच होतं. वीज गेली तर गेल्या क्षणापर्यंतचं हाती राहतं. मग फाइल मेन्यूतून रिमक्स केलं की काही क्षणांत त्याचं एमपी४ होतं, चित्राला धक्काही लागत नाही. २०२४ मध्ये ओबीएसच्या ३०.२ आवृत्तीत ‘हायब्रिड एमपी४’ आलं, त्यात ही वही मधूनमधून लिहिली जाते. मामांनी ते वापरून पाहिलं, चांगलं आहे असं कबूलही केलं; पण माणसाला थोडी शिस्त हवी म्हणून एमकेव्हीचा नियम काही उठवला नाही.

थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्यांना ते वेगळं घेतात. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. हे मामांनी विज्ञान शाखेला एकदा सांगितलं, कला शाखेला दोनदा आणि प्राचार्यांना दरवर्षी सांगतात.

बाकीचे रोग किरकोळ. लाल ठिपका न बघताच तासभर शिकवणारे, ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ऐवजी वरचं ‘स्टार्ट स्ट्रीमिंग’ दाबणारे, कॉलरला माइक लावून सेटिंगमध्ये लॅपटॉपचाच माइक ठेवणारे. संतसाहित्यावरच्या एका व्याख्यानात निरूपण ऐन भरात असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात घरून निरोप आला होता, ‘येताना सुरमई’. तेव्हापासून रेकॉर्डिंगआधी सूचना बंद करायला मामा जातीनं हजर राहतात.

आणि टाळी. मामांचा हा विधीच आहे. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करायचं आणि हात जुळताना आवाज येतो की नंतर, ते बघायचं. फरक निघाला तर ऑडिओच्या सिंक ऑफसेटमध्ये तेवढे मिलिसेकंद घालायचे. परीक्षेच्या आधी स्टाफरूममधून इतक्या टाळ्या ऐकू येतात की नव्या प्राचार्यांना बरेच दिवस कुणाचा तरी सत्कार चाललाय असंच वाटत होतं.

पण टाळीनं सगळंच कळत नाही. माइक ४४.१ किलोहर्ट्झवर आणि ओबीएस ४८ वर असेल तर आवाज सुरुवातीला ओठांबरोबर असतो आणि हळूहळू घसरत जाऊ शकतो. ते कळतं शेवटी. म्हणून मामा रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघतात. पुढे पळवत नाहीत, मधूनच उघडत नाहीत. अशी त्यांनी चार वर्षांत तिन्ही शाखांची व्याख्यानं अथपासून इतिपर्यंत ऐकली आहेत. खारे-मतलई वारे, ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, किरकोळ महागाईचा निर्देशांक, सगळं.

परवा संख्याशास्त्राच्या सरांनी गेल्या वर्षीचा एक व्हिडिओ मामांना दाखवला. आवाज मागे पडतोय अशी त्यांना शंका होती. दुसऱ्या दिवशी मामा स्टाफरूममध्ये आले.

“आवाज शेवटपर्यंत बरोबर आहे, सर. एकतिसाव्या मिनिटाला वर्गमूळ घ्यायचं राहिलंय, तेवढं बघा.”

सरांनी बघितलं. राहिलं होतं. सर तापले. “वर्षभर यूट्यूबवर आहे हा व्हिडिओ! एकाही पोरानं सांगू नये?”

“व्ह्यूज तीन आहेत, सर,” मामा कप उचलत म्हणाले. “दोन तुमचे असतील. एक माझा.”