साहेबांच्या घरी समाचाराला गेलो, तर...

अहो अक्का, जरा इकडे या की. ते कपडे राहू द्या, ऊन काय पळून जात नाही सोलापुरातलं. ऐकलंत का, काल साहेबांच्या घरी काय झालं ते? नाही? कमाल आहे! थांबा, दार लोटून येते. आमच्या ह्यांच्या कानावर गेलं की म्हणतील, लागली सुरू...

तर काल दुपारी आम्ही चौघीजणी समाचाराला गेलो होतो. आता साहेब म्हणजे केवढं प्रस्थ, ते काय तुम्हाला सांगायला हवंय. सात रस्त्यापासून त्यांच्या गल्लीपर्यंत नुसते फ्लेक्स! साहेबांचा फोटो एवढुसा, नि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं ही मोठाली. एकजण तर गॉगल घालून वाहतोय हो श्रद्धांजली! बाहेर मांडवात पुरुषमंडळी, पांढरे कपडे घालून. चेहरे गंभीर, पण कुजबुज कशाची, तर आता तिकीट कुणाला.

आत वहिनी. भिंतीला टेकून चटईवर बसलेल्या. हातात एक रुमाल, त्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. येणारी प्रत्येक बाई पुढ्यात बसणार आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावणार. कसं झालं, किती वाजता झालं, शेवटचं काय बोलले. अहो, माणूस आयसीयूत, तोंडात नळी, बोलणार काय? पण विचारायचंच! एक म्हणाली, "तुम्हाला काय कमी आहे वहिनी, मुलगा पुण्यात सेटल आहे, बंगला आहे." म्हणजे बंगला असला की नवरा गेला तरी चालतंय, होय? दुसरी म्हणते, "सोन्यासारखं मरण आलं हो." वहिनी आपल्या मान हलवतायत. मला तर वाटलं उठावं नि...

जाऊ द्या. तर काय सांगत होते? हां, आपल्या बाई. इतिहास शिकवायच्या ना, त्या. मन चांगलं हो त्यांचं, पण एकदा बोलायला लागल्या की तास संपल्याशिवाय थांबत नाहीत. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला नि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यापाशी निदान आपली माणसं आहेत. आपल्या डॉक्टर कोटणीसांच्या बायकोचं आठवा."

मी मनात म्हटलं, झालं, आता निघाली गाडी चीनला.

पण खरं सांगू? सगळ्या गप्प होऊन ऐकायला लागल्या. वहिनीसुद्धा. आता भैय्या चौकातलं कोटणीसांचं ते घर, ते स्मारक, आपण येता-जाता बघतोच की. 1938 साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, आपला सोलापूरचा मुलगा त्यात होता. तिथं असताना इकडे वडील वारल्याचं कळलं, तरी तो परतला नाही, हे तर शाळेतल्या पोरांनाही पाठ. पण त्याच्या चिनी बायकोचा विचार कोण करतं हो? चिंगलान नाव. नर्सिंग शिकवायची ती. 1941 च्या नोव्हेंबरात लग्न, पुढच्या ऑगस्टात मुलगा, आणि 9 डिसेंबरला डॉक्टर गेले. फिट्स यायच्या ना त्यांना. बत्तीस वर्षांचं वय. म्हणजे संसार झाला पुरता एक वर्षाचा, नि पदरात साडेतीन महिन्यांचं तान्हं. भोवती जपान्यांची लढाई.

बाई सांगत होत्या, शोकसंदेश म्हणाल तर केवढ्या मोठ्यांचे! माओंनी लिहिलं. सन यत्सेन यांच्या पत्नींनी लिहिलं. चौ एन लाय यांनी 1943 साली कोटणीसांच्या घरच्यांना पत्र धाडलं. "पण सासरचं माणूस एकही तिच्या पाठीवरून हात फिरवायला नाही," बाई म्हणाल्या, "सासू कुठं, सून कुठं, भाषा कुठली." हे म्हणताना त्यांचाच आवाज बसला. मी वहिनींकडे बघितलं. रुमालाची घडी थांबली होती.

आणि शांतारामबापूंचा तो सिनेमा नाही का, 'डॉक्टर कोटणीस की अमर कहानी', 1946 चा. बापू स्वतः डॉक्टर नि जयश्रीबाई चिंगलान. माझ्या सासूबाई सांगायच्या, थिएटरात बायका हुंदके देऊन रडायच्या. शेवटी ती बाळाला घेऊन सासरी येते, तो भाग आला की विचारूच नका! आता बघा अक्का, पडद्यावर सून घरी आली, सगळ्यांनी डोळे पुसले नि घरी जाऊन जेवले. खरी बाई तेव्हा तिकडं चीनमध्येच होती, पोराला वाढवत. आली ती पुढं, बऱ्याच वर्षांनी. भेटली सगळ्यांना. पण ते कोण बघतंय, तिकीट थोडंच होतं त्याला.

त्या पोराचं तरी बघा! यिनहुआ नाव. बापासारखा डॉक्टर व्हायला निघालेला, आणि 1967 मध्ये शिकत असतानाच गेला. पंचविशीचाही नव्हता. हे सांगितलं तेव्हा दाराशी उभी असलेली वहिनींची सून आत निघून गेली.

आता खरी गंमत... गंमत कसली म्हणा, मेलं तोंडातून जातं. तर ऐका. एवढं सगळं चाललेलं, खोलीत सुई पडली तर ऐकू येईल. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या, नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच असेल, भिशीचे पैसे वेळेवर न देणाऱ्या, त्या एकदम म्हणतात कशा, "पण तिनं दुसरं लग्न केलं ना हो नंतर?"

अगं बाई! अहो कुणापुढं, काय, कधी! बाईंचा चेहरा असा पडला, की मला त्यांचीच दया आली. कुणी पदर सारखा करतंय, कुणी पंख्याकडं बघतंय. मी आपली चपलांकडं. केलं होतं हो तिनं लग्न, खोटं नाही काही. पण हे काय विचारायचं ठिकाण झालं? आणि वर ती पुस्ती जोडते, "मग तिचं काय एवढं कौतुक?"

आणि वहिनी बोलल्या. चार दिवसांत कुणाशी धड बोलल्या नव्हत्या हो! मान वर करून, अगदी स्वच्छ आवाजात, "बरं केलं तिनं."

एवढंच. मग बाईंना म्हणाल्या, "पुढं काय झालं तिचं? सांगा की."

मग काय, बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, शहाण्णव वर्षं जगली, 2012 साली दालियनला गेली. शेवटपर्यंत कोटणीसांचं नाव सांगत राहिली. आणि चिनी लोकांचंही नवल. कुणी बडा पाहुणा तिकडून आला की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचाच. 2013 मध्ये त्यांचे पंतप्रधान मुंबईत डॉक्टरांच्या बहिणीला, मनोरमाबाईंना भेटले. पुढच्या वर्षी शी जिनपिंग दिल्लीत भेटले. सत्तर वर्षं उलटून गेली होती, तरी समाचाराला आले! वहिनी एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं तेराव्याला मांडव निघेल." नि चक्क हसल्या. किंचित, पण हसल्या. मी बघितलंय.

आता कहर ऐका. संध्याकाळी मी दूध आणायला गेले, तर तिथं मला विचारतायत, साहेबांच्या घरच्या वहिनी दुसरं लग्न करणार म्हणे? घ्या! तीन तासांत! आता हे कुणी पसरवलं ते काय सांगायला पाहिजे? मी तर तुमच्याशिवाय कुणापाशी चकार शब्द काढलेला नाही. म्हणजे, बहिणीला फोन केला होता, पण ती अक्कलकोटला असते, ते काय मोजायचं...

बरं, आज संध्याकाळी परत जाणार आहे मी. येता का? त्यांच्याकडं सुनेला भाकरी येत नाही, पुण्याची ना ती. पिठलं मी करते, ज्वारीचं पीठ आहे का तुमच्याकडं चांगलं? माझं बार्शीच्या ज्वारीचं संपलं. आणि सहाच्या आत निघू. सहानंतर ती कोपऱ्यावरची येते.