नंदीला पॉलिश, घराला पुट्टी

रोहिणी लागल्या, मृग दोन आठवड्यांवर आला. पूर्वी या दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या सिंदीत घरोघरी कवेलू फेरले जायचे. ऊन चढायच्या आत एक जण छपरावर, एक शिडीवर, पोरं खाली. माकडांनी फोडलेले कवेलू बाजूला काढायचे, साबूत पुन्हा ओळीनं लावायचे, वाळवीनं खाल्लेली कमची बदलायची. हे काम घरातल्या प्रत्येकाला यायचं. सेवाग्रामच्या गांधी आश्रमातलं आदी निवास १९३६ सालचं. माती, बांबू आणि कवेलूचं ते घर आज उभं आहे, कारण त्याची डागडुजी कधी थांबली नाही.

मग स्लॅब आला आणि आपण हात झटकले. घर बांधलं की देखभाल संपली, हा समज स्लॅबबरोबरच गावात शिरला. तो साफ चुकीचा आहे.

वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांत गच्ची दिवसभर तापून फुगते, रात्री आकसते. भेगा पडणारच. पहिली भेग बहुधा कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात असते. एक जुने मिस्त्री सांगायचे, "पानी जिथं टपकते तिथून येत नसते." खोलीच्या मधोमध गळतं, तर भेग चार हात दूर असू शकते. म्हणून खालून डाग बघत बसू नका, वर जा. गच्ची झाडा, बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं थबकतं ते बघा. बारीक भेग छिन्नीनं थोडी रुंद करा, धूळ काढा, सिमेंटात मिसळायचं लॅटेक्स हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घालून कालवलेला मसाला भरा आणि काही दिवस ओला ठेवा. एवढं कोणालाही जमतं.

जमत असून करत मात्र नाही. भिंत ओली झाली की आपण पुट्टी मारतो. ओल्या भिंतीवरची पुट्टी पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखी सुटते आणि आपण पुन्हा पुट्टीच आणतो. आजार भिंतीत, मलम रंगावर.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या भेगांचं कारण तर पायाखाली आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते; तिच्यावरचा पाया त्याबरोबर हलतो. एकीकडची माती कोरडी आणि दुसरीकडं मोरीचं पाणी बारा महिने मुरतंय, असं झालं की भिंत फाटते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर ती खुणेपलीकडं गेली असेल तर सिमेंट थापू नका, इंजिनिअरला दाखवा. मोरीचं पाणी मात्र आजच भिंतीपासून दूर न्या. त्याला फक्त एक पाइप लागतो.

छताचा पोपडा पडून आतली सळई दिसत असेल तर तेही झाकू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट ढकलून पाडतं. वरून गिलावा केला तर गंज आत वाढतच राहतो. असा पोपडा उद्या खाटेवर पडतो. ते काम जाणकाराचं आहे.

आणि कुलर. यावर मला थांबायलाच हवं. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं मरतात. लोखंडी अंग, खाली पाणी, ओला पंप, ओली फरशी, अनवाणी पाय. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटात कोंबणारी घरं मी पाहिली आहेत. बटण बंद करून पाणी भरतात, तेही पुरेसं नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असतानाही फेज कुलरपर्यंत पोहोचलेला असतो. प्लग उपसा, मग पाणी भरा. वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. वायरिंगला स्वतः हात लावू नका. पुट्टीचे पैसे इथं घाला.

आपल्या गावचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी ओळखला जातो. आजोबांच्या वेळचा नंदी नातू बाहेर काढतो, पुसतो, पॉलिश करतो, चाकाला तेल देतो. एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी एवढी माया असते आणि ती रास्तच आहे. पण तो नंदी उरलेलं वर्षभर ज्या छपराखाली उभा असतो, त्या छपराकडं घरातलं कोणी वर मान करून बघत नाही.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की झाडू घेऊन गच्चीवर जा. पावसाच्या पाइपाचं तोंड पाल्यानं बुजलेलं असेल. ते आधी मोकळं करा.