इतल्यामां तं नवी येती!

जळगावात वस्तू घ्यायची ती नवी दिसावी म्हणून. सोफ्याचं प्लॅस्टिक मुलीचं लग्न ठरेपर्यंत निघत नाही. अशा गावात भाऊ कोऱ्या गिटारीला किल्ल्यांच्या जुडग्याने बडवत बसलेले पाहिले, तेव्हा मला वाटलं, वहिनींशी काही तरी बिनसलं असणार.

नव्या गिटारी मुद्दाम जुन्या करणारी ही मंडळी हल्ली गावोगाव निघाली आहेत. आपण त्यांना भाऊ म्हणू. खान्देशात नाहीतरी सगळे भाऊच. भाऊंचं दैवत म्हणजे 1954 साली आलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार. रोरी गॅलाघर या आयरिश वादकाच्या 1961 च्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग वाजवून वाजवून, घामाने बहुतेक उडाला होता. तिचा फोटो भाऊंकडे देवघराशेजारी आहे. पुढे 1995 च्या सुमारास खुद्द फेंडरनेच मुद्दाम झिजवलेल्या गिटारी 'रेलिक' म्हणून विकायला काढल्या आणि भाऊंना जीवितकार्य सापडलं. त्या झिजेतही प्रती असतात. एकीचं नाव 'क्लोजेट क्लासिक': घेतली, दोनदा वाजवली, कपाटात ठेवली, अशी दिसणारी. (आमच्या घरातले सगळे शालू याच प्रतीचे.)

भाऊ लाकूड आणतात ते पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं. शंभर वर्षांचं सागवान, धुराने काळवंडलेलं. आधी रंधा मारून ती शंभर वर्षं ते उतरवतात. मग गाड्या रंगवणाऱ्याकडून एनसी लॅकर मारून घेतात, कारण जुन्या फेंडरचे अनेक रंगही मोटारींचेच असत. गिटार आरशासारखी चमकू लागली, की तिला साठ वर्षांची करायला बसतात.

खरं कौशल्य तड्यांत. हे लॅकर वयाबरोबर ठिसूळ होतं. एकदम गारठलं की लाकडाच्या आधी आकसतं आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. परदेशी कारागिरांना त्यासाठी सोय करावी लागते. आमच्याकडे मे महिना आहे. पारा 45 अंशांना टेकला, की गिटार दुपारभर गच्चीवर, पापडांच्या रांगेत. आणि तिथून थेट ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये. भेगांत बूटपॉलिश. पांढरी बटणं कडक चहात, रात्रभर. सकाळी वहिनी विचारतात, "पातेल्यात कालचा चहा आहे की तुमचं वय?"

वयाचा विषय भाऊंना आवडत नाही. शनिवारी ते गिटारीचं वाढवतात आणि रविवारी मिशीचं कमी करतात.

एकदा मी त्यांना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात नेलं. इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर 1927 साली स्थापन झालेली संस्था, जुन्या कागदपत्रांचं मोठं भांडार. एका पिवळ्या कागदावर वाकून भाऊ बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्या कानात म्हणाले, "चहा नाही हा. वेगळं काही तरी वापरलंय."

गेल्या लगीनसराईनंतर धुळ्याकडचा एक बँडवाला भाऊंचं नाव ऐकून आला. काखेत बेंजो. खान्देशात बेंजोशिवाय वरात हलत नाही. टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचं हे वाद्य 1912 साली जपानात निघालेल्या ताइशोगोतोच्या कुळातलं, पण आपल्याकडे ते विजेवर चढलं आणि गाडीवर बसलं. भिंतीवरची गिटार पाहून बँडवाला हळहळला.

"हाई कोनी फोडी, भाऊ?"

"फोडली नाही. केलीय तशी."

"कितलाले?"

भाऊंनी आकडा सांगितला. बँडवाला खालीच बसला. "इतल्यामां तं नवी येती!"

मग त्याने बेंजो पुढे सरकवला. एवढा जरा नवा करून द्या म्हणाला, गिऱ्हाईक आधी वाद्य बघतं आणि मग सुपारी देतं. पट्ट्यांवरचे आकडे पुसलेले, निकेल उडून खालचं पितळ दिसत होतं, फटीफटीत हळद आणि गुलाल बसलेला, आणि उजव्या कडेला मनगट टेकून टेकून लाकडाला खळगा पडलेला.

भाऊंनी चष्मा लावला. बेंजो उजेडात धरला, उलटा केला, खळग्यावरून अंगठा फिरवला. मग मान हलवली.

"काम कच्चं आहे. एकाच बाजूला एवढी झीज पटत नाही. गुलाल तर अतीच केलाय. कोणी केलं हे?"

"लग्नांनी, भाऊ."