आपला सर्व्हर, आपलीच रात्रपाळी

सप्टेंबर 2022 मध्ये स्लॅकने फुकट्या गिऱ्हाइकांचा नियम बदलला. आधी शेवटचे 10,000 संदेश दिसायचे, आता फक्त 90 दिवसांतले. एवढं निमित्त छोट्या कंपन्यांतला स्वाभिमान जागा व्हायला पुरतं. दर महिन्याला माणशी डॉलर मोजायचे आणि वर आपल्याच गप्पा परक्याच्या ताब्यात? छे! मॅटरमोस्ट आहे, रॉकेट.चॅट आहे, झुलिप आहे. आपलं चॅट आपल्या सर्व्हरवर. ठराव सगळे मिळून करतात, इन्स्टॉल एकालाच करावं लागतं. मीटिंगमध्ये ज्याच्या तोंडून ‘डॉकर’ हा शब्द आधी निघाला, तोच तो.

पहिली संध्याकाळ झकास जाते. एक फाइल, एक कमांड, लॉगिनचं पान हजर. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस दोन एमबीचं स्कॅन केलेलं बिल टाकतात आणि पडद्यावर 413 उमटतं, कारण पुढे उभा असलेला एनजिनएक्स मुळात एक एमबीच्या वर काही आत सोडत नाही. ते निस्तरलं की कळतं, पान रिफ्रेश केल्याशिवाय नवे संदेश दिसतच नाहीत. वेबसॉकेटसाठीच्या दोन ओळी राहिल्यात. मोठे साहेब म्हणतात, ‘‘मेल काय वाईट होता?’’

रॉकेट.चॅट घेतलं असेल तर मोंगोडीबी हा डेटाबेस आलाच, आणि तो एकटा नांदत नाही. त्याला रेप्लिका सेट लागतो. मशीन एकच असलं तरी त्या एकट्याचं रीतसर मंडळ स्थापन करायचं. मग तो निवडणूक घेतो, स्वतःला मत देतो आणि बिनविरोध प्रायमरी होतो. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही.

खरी मजा अपग्रेडला. दोन वर्षं कोणी हात लावलेला नसतो, कारण चाललंय ना! पण रॉकेट.चॅट एकेका आवृत्तीला काही महिनेच आधार देतं. फोनवरचं ॲप प्ले स्टोअरमधून आपोआप तरुण होत राहतं आणि एके दिवशी म्हाताऱ्या सर्व्हरला ओळख द्यायचं नाकारतं. मग नवी आवृत्ती, तिला नवा मोंगोडीबी. तोही एका उडीत नाही: 4.2 वरून 4.4, तिथून 5.0, मग 6.0. दर पायरीवर थांबून सुसंगततेची आवृत्ती वाढवणारी कमांड द्यायची. 7.0 पासून तर तिच्यात ‘कन्फर्म: ट्रू’ असं लेखी लिहून द्यावं लागतं.

शनिवारी रात्री सगळे घरी गेल्यावर आपला इन्स्टॉलवाला 4.4 पर्यंत सुखरूप चढतो. 5.0 ची प्रतिमा उतरवतो. कंटेनर उठतो, पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. लॉग कोरा, हाती फक्त 132 हा निर्गम क्रमांक. तासाभराच्या शोधाशोधीनंतर उलगडा होतो: 5.0 ला एव्हीएक्स नावाच्या सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, आणि कपाटावर ठेवलेल्या त्या स्वस्तातल्या डब्यात तो नाही. म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर वापरायला नवं मशीन घ्या. सोमवारी सकाळी चॅट बंद असतं. त्याची तक्रार सगळे व्हॉट्सॲपवर करतात आणि काम तिथेच सुरूही करतात.

सिनॅप्स हा दुसरा चॅट सर्व्हर बसवणाऱ्यांनी फार हसू नये. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस तयार करताना कोलेशन ‘सी’ ठेवायचं राहिलं, तर सिनॅप्स सुरू व्हायलाच नकार देतो. आणि तयार माल विकत आणून आपल्या सर्व्हरवर बसवणारेही सुटले नाहीत. ॲटलासियनने 2018 मध्ये हिपचॅटचा गाशा गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या मशीनवर चालणारी आवृत्तीही त्याच गाठोड्यात गेली.

एवढं करून गप्पा घरात राहिल्या म्हणावं, तर फोन वाजायला हवा ना? आयफोनवरची सूचना ॲपलच्या दारातूनच जाते, आणि तिथली किल्ली ॲप बनवणाऱ्याकडे. त्यामुळे ‘जेवायला चल’ या निरोपाची वर्दी आपल्या सर्व्हरवरून ॲपवाल्या कंपनीच्या गेटवेला, तिथून ॲपलला आणि मग शेजारच्या टेबलावर पोचते. झुलिप ही सोय दहा माणसांपर्यंत फुकट देतं. धंदेवाईक कचेरीत अकरावा माणूस रुजू झाला की एक तर पैसे भरायचे, नाही तर उठून त्याच्या टेबलापाशी जायचं.